इद्दतीच्या 'आत' की इद्दती'पुरते'?

अंधेरीत एका वकील मित्राचे ऑफिस आहे. खाली झेरॉक्स आणि नोटरीची दुकाने, वर अरुंद जिना, आणि जिन्याच्या शेवटी फायलींनी भरलेल्या दोन खोल्या. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी कोर्टाला सुट्टी असते. त्यातल्या एका शनिवारी दुपारी हा मित्र आपल्या ज्युनियर वकिलांना आणि शिकाऊ मुलामुलींना घेऊन बसतो. एखादे कलम किंवा नवा निकाल घ्यायचा, मोठ्याने वाचायचा आणि त्यावर बोलायचे. नियम एकच आहे. सगळ्यांत लहान असेल त्याने आधी बोलायचे आणि सीनियरने शेवटी. तो म्हणतो, "मी आधी बोललो की बाकीचे माना डोलावतात. मग बैठक कशाला?"

गेल्या पावसाळ्यात त्याने मला बोलावले. "तू इतिहासाचा माणूस. मुस्लिम कायदा मुंबईत कसा घडत गेला ते पोरांना सांग." विषय होता १९८६ चा मुस्लिम महिला (घटस्फोटानंतर हक्क संरक्षण) कायदा. जोगेश्वरीच्या एका बाईची केस ऑफिसात आलेली होती. नवऱ्याचे म्हणणे सरळ होते: मेहेर दिला, इद्दतीचे पैसे दिले, विषय संपला.

माझे बोलणे सुरू होण्याआधीच एका शिकाऊ मुलीने कायद्याचे तिसरे कलम वाचून दाखवले. तलाक झालेल्या स्त्रीला तिच्या पूर्वीच्या नवऱ्याने इद्दतीच्या काळाच्या आत रास्त आणि योग्य अशी तरतूद करून द्यावी आणि निर्वाहखर्च द्यावा, असा त्या ओळीचा अर्थ. वाचून ती थांबली. म्हणाली, "सर, इथे 'विदिन' लिहिलंय. म्हणजे इद्दतीच्या आत द्यायचे. इद्दतीपुरतेच द्यायचे, असं कुठे लिहिलंय?"

मित्र हसला. म्हणाला, "हाच प्रश्न सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता. उत्तर यायला पंधरा वर्षे लागली."

बाकीचे हसले. मला हसू आले नाही. मला आमची फुफी आठवली.

फुफीचा तलाक १९८९ सालचा. ती कुर्ल्याला राहायची. नवऱ्याने तीन महिन्यांचे पैसे मनीऑर्डरने पाठवले. अब्बा एका ओळखीच्या वकिलाकडे गेले. त्याने फाईलही न उघडता सांगितले, "तुमच्या लोकांसाठी नवा कायदा झालाय. तीन महिने, बस्स. पुढे काही मिळत नाही." मोहल्ल्यातल्या मोठ्या माणसांनीही तेच सांगितले. कोर्टात जाणे म्हणजे शरीयतच्या विरोधात जाणे, असे वर ऐकवले. फुफीने साड्यांना फॉल-बिडिंग करून दोन मुले वाढवली. त्या मनीऑर्डरची पावती तिने दोऱ्याच्या रिळांच्या डब्यात जपून ठेवली होती. ती का ठेवली, हे आम्ही कधी विचारले नाही.

त्या काळी ती कोर्टात गेली असती तर निकाल तिच्याच बाजूने लागला असता, असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. कायद्याचा अर्थ तेव्हा पक्का झालेला नव्हता. पण मागता नक्की आले असते. तिच्या वतीने ती एक ओळ कोणी नीट वाचलीच नाही. म्हणून आज हा इतिहास लिहायला घेतला आहे. आपल्या घरातले कायदे संसदेत होतात किंवा मिंबरवरून सांगितले जातात, अशी आपली समजूत असते. पण ते प्रत्यक्षात काय म्हणतात, हे बऱ्याचदा अशा छोट्या खोल्यांत ठरत आले आहे. त्या खोलीत कोण बसले आहे, यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

चर्चेतून कायदा समजून घेणे ही आपल्याला नवी गोष्ट नाही. इमाम अबू हनीफा (इ. स. ६९९ ते ७६७) कूफा शहरात शागिर्दांसोबत बसत. प्रश्न मांडला जाई आणि त्यावर वाद होई. अबू यूसुफ आणि मुहम्मद शैबानी हे त्यांचे दोन मोठे शागिर्द. त्यांनी अनेक मसल्यांत उस्तादांपेक्षा वेगळे मत दिले आणि हनफी फिकहच्या ग्रंथांत ती मते उस्तादांच्या मताशेजारी नोंदली गेली. पुढे अबू यूसुफ अब्बासी खलिफांच्या काळात काझी-उल-कुझात झाले. उस्तादांपेक्षा वेगळे बोलल्याने त्यांचे काही बिघडले नाही.

आता मुंबईकडे येऊ. १८४७ मध्ये मुंबईच्या सुप्रीम कोर्टात न्यायमूर्ती अर्स्किन पेरी यांच्यापुढे खोजा आणि मेमन समाजांतले वारसाहक्काचे दावे आले. मुली म्हणत होत्या, कुरआनने आम्हाला बापाच्या मालमत्तेत हिस्सा दिला आहे, तो आम्हाला द्या. समोरचे म्हणत होते, आमच्यात तशी रूढी नाही. कोर्टाने रूढी उचलून धरली आणि मुली हरल्या. आज शरीयतच्या नावाने बाईचा हक्क कमी केला जातो, असे आपण नेहमी ऐकतो. त्या खटल्यात शरीयत मागणाऱ्या बायका होत्या आणि ती नाकारणारे त्यांच्याच समाजातले होते. पुढे १९३७ चा शरीयत कायदा आला, तेव्हा अशा रूढींना मोठ्या प्रमाणात बाजूला सारले गेले. मधली नव्वद वर्षे किती लेकी रिकाम्या हाताने गेल्या, त्याचा हिशेब कुठे नाही.

दुसरा खटला १८६४ चा, मुंबई हायकोर्टातला, मुहम्मद इब्राहिम विरुद्ध गुलाम अहमद. शाफई घरातल्या एका वयात आलेल्या मुलीने वडिलांच्या संमतीशिवाय निकाह केला होता. शाफई मतानुसार कुमारिकेच्या निकाहाला वली लागतो. हनफी मतानुसार वयात आलेली मुलगी स्वतः निकाह करू शकते. मुलीचे म्हणणे होते की मी आता हनफी मत मानते. कोर्टाने तिचा हा अधिकार मान्य केला आणि निकाह वैध ठरवला. आपल्याकडे कोकणी मुसलमान बहुतेक शाफई आणि देशावरचे बहुतेक हनफी. त्यामुळे हा खटला ऐकताना कोकणातल्या वाचकांना गंमत वाटेल. पण त्यात एक महत्त्वाची गोष्ट आहे. मजहबांमधला फरक आपण मशिदीत हात कुठे बांधायचे यासाठीच लक्षात ठेवतो. त्या मुलीने तो आपल्या आयुष्यासाठी वापरला.

या दोन्ही खटल्यांत न्यायाधीश इंग्रज होते. कायद्याच्या खोलीत आपला माणूस जवळजवळ नव्हताच. तिथे पहिली पावले टाकली तय्यबजी भावांनी. खंबायतहून मुंबईत आलेल्या तय्यब अली या व्यापाऱ्याची ही मुले. कमरुद्दीन तय्यबजी १८५८ मध्ये इंग्लंडमध्ये सॉलिसिटर झाले. धाकटे बदरुद्दीन १८६७ मध्ये बॅरिस्टर होऊन परतले आणि मुंबई हायकोर्टातले पहिले भारतीय बॅरिस्टर ठरले. हायकोर्टाच्या मूळ शाखेत तेव्हा काम दोन हातांत वाटलेले असे. अशिलाला भेटून कागदपत्रे तयार करायचा तो सॉलिसिटर आणि कोर्टात उभा राहून बोलायचा तो बॅरिस्टर. सॉलिसिटरने काम दिले तरच बॅरिस्टरला उभे राहता येई. नव्या भारतीय बॅरिस्टरला कोण काम देणार? बदरुद्दीन यांच्या पाठीशी सॉलिसिटर भाऊ होता. हेच बदरुद्दीन १८८७ मध्ये काँग्रेसच्या मद्रास अधिवेशनाचे अध्यक्ष झाले आणि १८९५ मध्ये हायकोर्टाचे न्यायाधीश. १८९७ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांना जामीन देणारे न्यायमूर्तीही तेच.

सॉलिसिटरांच्या पेढ्यांतून वकिलीचे शिक्षणही होत असे. तरुणाने काही वर्षे पेढीत उमेदवारी करायची, दस्त लिहायला शिकायचे, ज्येष्ठांच्या चर्चा ऐकायच्या आणि मग परीक्षा द्यायची. या परीक्षा घेणारी बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटी १८९४ ची. पुढच्याच वर्षी, १८९५ मध्ये, मुल्ला अँड मुल्ला ही पेढी सुरू झाली.

इथे बहुतेकांची फसगत होते. कोर्टात मुस्लिम कायद्याचा प्रश्न निघाला की वकील म्हणतो, "मुल्लामध्ये असे लिहिले आहे." आमच्या एका नातेवाईकाने हे ऐकून विचारले होते, "ये मुल्ला साहब कौनसे मदरसे के?" मुल्ला साहेब म्हणजे दिनशा फरदुनजी मुल्ला. पारशी, सॉलिसिटर, कायद्याचे प्राध्यापक आणि पुढे लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलचे सदस्य. मुस्लिम कायद्यावरचे त्यांचे पुस्तक विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आले आणि भारतभरच्या कोर्टांत ते प्रमाण मानले जाऊ लागले. पुस्तक अत्यंत नेटके आहे, एकेक नियम क्रमांक घालून मांडलेला. त्याचा फायदा झाला आणि तोटाही. जिथे चार मजहबांची चार मते आणि त्यांवरचे वाद होते, तिथे क्रमांकाची एक ओळ आली. वकिलाला ती ओळ पाठ झाली की वादाची गरज उरली नाही. दोष मुल्लांचा नाही. त्यांनी कोर्टात जे मानले जात होते ते मांडले. पुस्तकाच्या पुढे न जाणारे आपण होतो.

त्याच सुमारास मुंबई हायकोर्टात साराबाई विरुद्ध राबियाबाई हा खटला झाला. १९०६ च्या निवाड्यांच्या खंडात तो छापलेला आहे. एका दमात दिलेल्या तलाकबद्दल न्यायमूर्ती बॅचलर यांनी म्हटले की तो धर्मदृष्ट्या वाईट असला तरी कायदेदृष्ट्या चालतो. पुढची शंभर वर्षे वकील हे वाक्य म्हणत राहिले. उलेमा ज्याला गुनाह म्हणत होते, ते कोर्टात कायदा म्हणून चालत होते. दोघे एका खोलीत बसून बोलले नाहीत, आणि त्याची किंमत बायकांनी मोजली.

तय्यबजी घराण्याचा धागा इथे तुटत नाही. बदरुद्दीन यांचे चिरंजीव फैज तय्यबजी यांनी मुस्लिम कायद्यावर मोठा ग्रंथ लिहिला. त्याच कुळातले आसफ अली असगर फैजी १९३८ ते १९४७ या काळात मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजचे प्राचार्य होते. त्यांचे मुस्लिम कायद्यावरचे पुस्तक १९४९ मध्ये आले. ते वाचताना नियमासोबत त्या नियमाचा इतिहास कळतो.

आणि बदरुद्दीन यांचे नातू होते दानियाल लतीफी. तरुणपणी कम्युनिस्ट, १९४४ मध्ये पंजाब मुस्लिम लीगचा जाहीरनामा लिहिणारे, आणि पुढे सुप्रीम कोर्टातले वकील. इंदूरच्या शाहबानो यांच्यासाठी सुप्रीम कोर्टात ते उभे राहिले. उतारवयात घराबाहेर पडलेल्या या बाईंना खालच्या कोर्टाने महिना २५ रुपये पोटगी दिली होती. मध्य प्रदेश हायकोर्टाने ती १७९ रुपये २० पैसे केली. एवढ्या रकमेविरुद्ध नवरा, जो स्वतः वकील होता, सुप्रीम कोर्टात गेला. २३ एप्रिल १९८५ रोजी शाहबानो जिंकल्या. पुढचे वादळ सर्वांना माहीत आहे. निकालाच्या भाषेवर समाज चिडला, मोर्चे निघाले आणि १९८६ मध्ये नवा कायदा झाला. तलाकशुदा मुस्लिम बाईला आता इद्दतीनंतर काही मिळणार नाही, असे दोन्ही बाजूंनी धरून चालले. कायदा आणणाऱ्यांनी ते विजय म्हणून सांगितले आणि विरोधकांनी अन्याय म्हणून. तिसरे कलम शांतपणे वाचणारे थोडे होते.

पण होते. दानियाल लतीफी यांनी कायद्यालाच सुप्रीम कोर्टात आव्हान दिले. दरम्यान खालच्या कोर्टांत दुसरे काही घडू लागले. १९८८ मध्ये लखनौच्या न्यायदंडाधिकारी रेखा दीक्षित यांनी आणि त्याच वर्षी गुजरात हायकोर्टाने हीच ओळ वेगळी वाचली. ओळीत दोन गोष्टी आहेत, तरतूद आणि निर्वाहखर्च. दोन्ही एकच असते तर दोन शब्द कशाला? आणि 'इद्दतीच्या आत' हे द्यायची मुदत सांगते. किती काळासाठी द्यायचे, ते सांगत नाही. म्हणजे नवऱ्याने इद्दत संपण्याआधी तिच्या पुढच्या आयुष्याची सोय करून द्यायची आहे. सूरह बकराच्या २४१व्या आयतमध्ये तलाकशुदा स्त्रियांसाठी 'मताअ'चा उल्लेख आहे. काही इंग्रजी भाषांतरांत त्या शब्दासाठी तरतूद याच अर्थाचा शब्द वापरलेला आहे. तोच शब्द कायद्याच्या कलमात येऊन बसला होता.

मुंबईच्या उपनगरात हे वाचन पुढे नेणारी एक जागा होती, सांताक्रूझच्या कालिना भागातली 'मजलिस'. वकील आणि अभ्यासक फ्लेव्हिया अ‍ॅग्नेस आणि चित्रपटकार मधुश्री दत्ता यांनी उभी केलेली ही संस्था. तिच्या कायदा केंद्रात स्त्री वकील स्त्रियांच्या केस चालवत आणि महाराष्ट्राच्या जिल्ह्यांतल्या वकील मुलींना तयार करत. नावाचा अर्थ मराठी मुसलमानाला सांगायला नको. मजलिस म्हणजे बैठक. फ्लेव्हिया अ‍ॅग्नेस यांनी सातत्याने एक मुद्दा मांडला. या कायद्याला नुसत्या शिव्या देत बसलो तर बाईच्या हातात काही पडत नाही, आणि खालच्या कोर्टांत याच कायद्याखाली बायकांना एकरकमी तरतूद मिळते आहे, हे कोणी सांगतच नाही.

मग २००० मध्ये मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठाने करीम अब्दुल रहमान शेख विरुद्ध शहनाज करीम शेख या खटल्यात हाच अर्थ स्वीकारला. नवऱ्याची जबाबदारी इद्दतीच्या काळापुरती मर्यादित नाही. २८ सप्टेंबर २००१ रोजी सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी दानियाल लतीफी खटल्यात कायदा रद्द केला नाही, पण त्याचा अर्थ असाच लावला. बदरुद्दीन यांचा नातू तो निकाल ऐकायला हयात नव्हता. 'पुरते' हरले आणि 'आत' जिंकले.

पुढच्याच वर्षी, २००२ मध्ये, औरंगाबाद खंडपीठात दगडू पठाण विरुद्ध रहिमबी या खटल्यात पूर्णपीठाने सांगितले की तलाक दिला एवढे नुसते म्हणून भागत नाही. त्याचे कारण, समेटाचे प्रयत्न आणि प्रत्यक्ष तलाक हे सिद्ध करावे लागतात. त्याच वर्षी शमीम आरा खटल्यात सुप्रीम कोर्टही याच दिशेने गेले. २०१७ मध्ये शायराबानो खटल्यात एका दमातला तलाक रद्द ठरला. आणि जुलै २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केले की तलाकशुदा मुस्लिम स्त्री १९८६ च्या कायद्यासोबतच पोटगीच्या सर्वसाधारण कायद्याचाही, म्हणजे जुन्या कलम १२५ चाही, आधार घेऊ शकते. शाहबानो जिथे उभ्या होत्या तिथे आपण एकोणचाळीस वर्षांनी परत आलो.

एवढे सांगून मी थांबलो. मग त्या शिकाऊ मुलीने दुसरा प्रश्न विचारला. "१९४७ पर्यंत तुम्ही जेवढी नावे घेतलीत, त्यांत निकाल देणारे पुरुष, पुस्तके लिहिणारे पुरुष, वकीलही पुरुषच. बाई फक्त खटल्याच्या नावात. साराबाई, राबियाबाई. बरोबर ना?"

मी म्हटले, बरोबर. आणि मनात म्हटले, अंगावर घेऊन लढल्या त्यासुद्धा बायकाच. १८४७ च्या लेकी, १८६४ ची ती मुलगी, शाहबानो, शहनाज, रहिमबी. कायद्याचा अर्थ पुढे सरकला तो त्यांच्या दाव्यांमुळे. पण त्यांच्या दाव्यावर चर्चा झाली त्या खोलीत त्यांना खुर्ची नव्हती. रेखा दीक्षित न्यायासनावर बसल्या, मजलिसच्या मुली अशिलासमोर बसल्या, तेव्हा तीच ओळ वेगळी ऐकू येऊ लागली. योगायोग म्हणा हवे तर. मला तसे वाटत नाही.

मित्राने नियमाप्रमाणे शेवटी तोंड उघडले. जोगेश्वरीच्या बाईसाठी नवऱ्याच्या उत्पन्नाचा तपशील काढायचा, लग्न किती वर्षांचे, मुले किती, घर कोणाच्या नावावर, याची यादी करायची, आणि अंधेरीच्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे रास्त तरतुदीचा अर्ज करायचा. मसुदा त्या शिकाऊ मुलीने लिहायचा.

वाचकहो, आपल्यातले बहुतेक वकील नाहीत. पण आपल्या प्रत्येकाच्या मोहल्ल्यात कधी ना कधी तलाकचा कागद येतो आणि चार माणसे बसतात. तेव्हा "तीन महिने, बस्स" हे वाक्य कोणीतरी बोलतेच. त्या वेळी एवढेच करा. कायद्याची ती ओळ आणा आणि मोठ्याने वाचा. वाचताना त्या बाईला दाराआड नव्हे, समोर बसवा. वकिलाचे पैसे नसतील तर विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला मोफत वकील मिळतो. तिच्यासाठी त्याला उत्पन्नाची अट नाही.

फुफीला जाऊन आता काही वर्षे झाली. तिचा रिळांचा डबा आमच्याकडे आहे आणि पावतीही त्यात आहे. पुढच्या चौथ्या शनिवारी मी ती घेऊन अंधेरीला गेलो आणि त्या मुलीला दाखवली. तिने रक्कम पाहिली, तारीख पाहिली आणि विचारले, "इद्दत संपायच्या किती दिवस आधी आली होती?"

पस्तीस वर्षांत हा प्रश्न आमच्या घरात कोणालाही सुचला नव्हता.